फुलं लावलीत, आता बिऱ्हाडाची सोय बघा

माघ सरत आला की कुंडीतल्या गुलाबाच्या पानांना एखाद्या सकाळी कडेने गोलसर काप पडलेले दिसतात. कंपास फिरवून कात्रीने कापावेत इतके सुबक. बहुतेक जण आधी अळी शोधतात, ती सापडत नाही, आणि मग नर्सरीतून फवारणीची बाटली घरी येते. इथेच गडबड होते. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं, जाळीदार होतं आणि आसपास तिची काळी लेंडी पडलेली असते. सुबक काप मात्र पानं कातरणाऱ्या माशीचे असतात. ती पान खात नाही, घर बांधायला नेते. गुलाबाला त्याने काही होत नाही, नवी पालवी येते. उलट तुमच्या बागेत एक कष्टाळू परागवाहक मुक्कामाला आली आहे, असा त्याचा अर्थ.

माघ ते चैत्र या काळात अशा कितीतरी माश्या आपल्या अंगणात, गच्चीवर आणि बाल्कनीत ये-जा करतात. त्यांना पोळं नसतं, राणी नसते, मधाचा साठाही नसतो. प्रत्येक मादीचं बिऱ्हाड वेगळं. अशा एकांड्या माश्यांना बागेत बोलवावं कसं आणि आल्यावर टिकवावं कसं, ते या लेखात पाहू.

एकटीचा संसार

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी आणि फुलोरी आठवतात. पण जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकांड्या आहेत. मादी स्वतः जागा शोधते, स्वतः खणते किंवा बांधते. परागकण आणि मकरंद कालवून त्याचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, कोठडी बंद करते आणि पुढच्या कोठडीला लागते. अंड्यातून निघालेली अळी तो गोळा खाऊन वाढते. आई आणि पिल्लाची गाठ सहसा पडतच नाही.

राखायला साठा नसल्यामुळे या माश्या माणसावर चालून येत नाहीत. नराला नांगीच नसते. मादीला असते, पण ती मुठीत धरली किंवा कपड्यात अडकली तरच डसते. मुलांना एवढंच शिकवावं: बघायचं, पकडायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पोळ्यातली राणी हजारो अंडी घालते, एकांडी मादी साऱ्या आयुष्यात फार तर दोन-तीन डझन. म्हणून एक घरटं मोडलं किंवा एक फवारणी झाली तर नुकसान पटकन भरून येत नाही. शिवाय लहान माश्यांची झेप काही शे मीटरचीच असते. फुलं, घराची जागा आणि बांधकामाचं सामान, हे तिन्ही त्या टप्प्यात मिळालं तरच त्या राहतात. आपण हौसेने फुलं लावतो आणि उरलेल्या दोन गोष्टी साफसफाईत काढून टाकतो. दुरुस्ती करायची ती तिथे.

चौघींची ओळख

*पानं कातरणारी.* मेगाकाइलिडी कुळातली. आकाराने मधमाशीएवढी, थोडी दणकट. इतर माश्या पराग पायावर वाहतात, ही पोटाखालच्या केसांत वाहते, त्यामुळे फुलावरून उडताना पोट पिवळंधमक दिसतं. पान कापताना तिला जवळून बघा. ती पानाच्या कडेवर बसते, कापायचा तुकडा पायांत धरते आणि जबड्यांनी कमान काढत मागे सरकते. शेवटचा तंतू तुटायच्या आतच पंख सुरू झालेले असतात, त्यामुळे तुकड्यासह खाली न पडता ती तशीच उडून जाते. सगळा प्रकार काही सेकंदांचा. लांबट तुकडे कोठडीच्या भिंतींना लागतात, गोल तुकडे झाकणाला. गुलाबाशिवाय बोगनवेल, आपटा, कांचन आणि तूर यांची पानंही तिला चालतात. हिच्याच काही बहिणी पानांऐवजी चिखल किंवा झाडाचा डिंक वापरतात.

*निळ्या पट्ट्यांची.* ही अमेजिला. पोटावर चकचकीत निळसर पट्टे, लांब सोंड आणि एका जागी ठरणार नाही असं उडणं. तुळशीच्या मंजिऱ्यांवर हमखास दिसते. तिचं खरं कसब टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांवर बघावं. या फुलांचे पराग बंद नळ्यांमध्ये असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. ही माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपाने पराग बाहेर उडतात. जवळ उभं राहिलात तर गुणगुण एकदम तीव्र झालेली ऐकू येते. मधमाश्यांना हे जमत नाही. गच्चीवर टोमॅटो-वांगी लावणाऱ्यांनी हिची खास बडदास्त ठेवावी. संध्याकाळी हिचे नर एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. अशी काडी दिसली तर छाटू नका.

*भुंगा.* काळा, मोठा, पंखांवर निळी-जांभळी झाक. लाकूड किंवा बांबू कोरून घर करतो, म्हणजे करते ती मादीच. रुई, शेवगा, ताग, कृष्णकमळ, बहावा यांच्या फुलांवर त्याचा वावर असतो. मधूनच अंगभर पिवळी लव असलेला एखादा भुंगा तोंडासमोर येऊन तरंगतो. तो काही जातींचा नर, आपली हद्द राखणारा. तोंडासमोर येतो म्हणून घाबरायचं कारण नाही, नांगी नाही त्याला.

भुंग्यांची मजल मोठी आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी वारसाच्या झाडाचा अभ्यास करून २००१ मध्ये प्रसिद्ध केला. रात्रीच्या वेळी या फुलांचं परागीभवन मोठे भुंगे करतात, असं त्यात दिसलं. त्याच जंगलातली भुंग्याची आणखी एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, हे पुढच्या अभ्यासांतून कळलं.

*बारक्या.* मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, काही काळ्या, काही धातूसारख्या हिरव्या-निळ्या. कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर आणि ऑफिस टाइमच्या फुलांत या सकाळी लोळताना दिसतात. काही जमिनीत राहतात, काही वाळक्या काडीचा भेंड कोरून आत. उन्हाळ्यात हाताचा घाम चाटायला येतात त्या यांतल्याच काही.

फुलं: थोडी लावा, थोडी राहू द्या

माघ-फाल्गुनात शेवगा, करंज, गिरिपुष्प, कडुनिंब अशी झाडं पुढेमागे फुलत जातात. सोसायटीच्या आवारात यांतलं एखादं झाड असेल तर तुमचं अर्धं काम झालं. ऐन फुलोऱ्यात त्याची छाटणी होऊ देऊ नका. फांद्या तारांना लागत असतील तर छाटणी फुलोऱ्याच्या आधी किंवा शेंगा धरल्यावर करून घ्या.

कुंड्यांसाठी तुळस आणि सबजा सगळ्यात भरवशाचे. मंजिऱ्या दिसल्या की लगेच खुडायची आपली सवय असते. चार रोपं असतील तर दोन खुडा, दोन फुलू द्या. हाच नियम भाजीच्या वाफ्याला लावा. कोथिंबीर, मुळा, मोहरी, बडीशेप, ओवा यांची दोन-तीन रोपं जून होऊ दिली की फुलंही मिळतात आणि पुढच्या हंगामाचं बीही. कारली, दोडका, भोपळा, सूर्यफूल, तीळ, ताग हेही उपयोगी. कडेला उगवलेली रुई अडचण करत नसेल तर राहू द्या.

रोपं विकत घेताना फूल उलगडून बघा. भरगच्च पाकळ्यांचे संकरित प्रकार दिसायला देखणे असतात, पण अनेकांत पराग आणि मकरंद जवळजवळ नसतो, असला तरी पाकळ्यांच्या गर्दीत माशीला तो सापडत नाही. एकेरी पाकळ्यांची, मधला भाग उघडा दिसणारी फुलं निवडा. आणि एकाच जातीची चार-पाच रोपं जवळजवळ लावा. विखुरलेल्या एकेका रोपापेक्षा असा पुंजका माशीला लवकर दिसतो आणि तिची धावपळ वाचते.

घर: माती, नळी आणि लाकूड

*माती.* एकांड्या माश्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती जमिनीत घर करतात. आपल्या आवारात मात्र फरशी, पेव्हर ब्लॉक, नाहीतर जाड आच्छादन असतं. बागेच्या कोपऱ्यात दोन-तीन फूट लांबी-रुंदीचा तुकडा उघडा ठेवा. सकाळचं ऊन येणारा, थोडा उताराचा, पाणी न साचणारा. त्यावर पालापाचोळा घालू नका, खणू नका, रोजचं पाणी मारू नका. भोकाभोवती बारीक मातीचा ढीग आणि आत-बाहेर करणारी माशी दिसली की जागा पसंत पडली म्हणायचं. मुंग्यांचं वारूळ समजून त्यावर पावडर टाकू नका.

निळ्या पट्ट्यांच्या माशीला मातीची भिंत किंवा उभा कडा आवडतो. गावात पांढऱ्या मातीची जुनी भिंत असेल तर तिचा एक तरी भाग गिलावा न करता ठेवा. शहरात मातीचा ठोकळा करता येतो. साधारण १५ सेंटिमीटर खोल लाकडी खोकं घ्या, आंब्याची छोटी पेटी चालेल. दोन भाग चिकणसर तांबडी माती आणि एक भाग वाळू पाण्यात घट्ट मळून खोक्यात दाबून भरा. काळी माती नको, ती वाळली की भेगाळते. माती ओलसर असतानाच पेन्सिलीने दोन-तीन सेंटिमीटर खोल अशी आठ-दहा भोकं पाडा आणि ठोकळा सावलीत सावकाश वाळवा. नखाने ओरखडा उठला पाहिजे. नख लागत नसेल तर माशीलाही खणता येणार नाही, वाळू वाढवून पुन्हा करा. खोकं आडवं करून, मातीची बाजू समोर येईल असं वळचणीखाली ठेवा.

*नळी.* पानं कातरणाऱ्या माश्या, त्यांच्या चिखल वापरणाऱ्या बहिणी आणि काही बारक्या तयार पोकळीत घर करतात. बुरुडाकडून किंवा बांबूच्या वखारीतून बारीक बांबू आणा. पेराच्या अगदी मागे कापा, म्हणजे एक टोक आपोआप बंद राहील. लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास आणि आतला व्यास ५ ते १२ मिलिमीटर, असे वेगवेगळ्या मापांचे तुकडे हवेत. तोंड पॉलिश पेपरने घासा, कुसळ राहिलं तर पंख फाटतात. १५-२० नळ्यांची मोळी सुतळीने घट्ट बांधा. प्लास्टिकच्या नळ्या टाळा, त्यांत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.

मोळी छातीच्या उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला आणि किंचित खाली झुकलेलं, अशी पक्की बसवा. लोंबती नको. इंटरनेटवर दिसणारा बराचसा सल्ला थंड देशांतला आहे: भरपूर ऊन द्या, हिवाळ्यात कोश काढून फ्रिजमध्ये ठेवा वगैरे. तिथल्या वसंतातल्या अनेक माश्यांची वर्षाला एकच पिढी असते आणि ती हिवाळाभर झोपून राहते. आपल्याकडे अनेक जातींच्या वर्षात एकाहून जास्त पिढ्या होतात, त्यामुळे नळ्या उघडून बघायच्या नाहीत आणि फ्रिजचा तर विचारही नको. आपल्या अडचणी तीन: चैत्रातलं पश्चिमेचं ऊन, पाऊस आणि मुंग्या. दुपारनंतर सावली येईल अशी जागा निवडा. वर पुढे आलेलं छप्पर हवं. मोळी बांधलेल्या तारेला किंवा खुंटीला एरंडेलाचा हात द्या आणि तो अधूनमधून नव्याने द्या.

नळीचं तोंड हिरव्या पानाने, चिखलाने किंवा डिंकाने बंद झालं की आत संसार आहे. आतल्या कोठड्यांत मादीची अंडी मागे आणि नराची पुढे असतात, म्हणून नर आधी बाहेर पडतात. कधीकधी चिखलाचं बूच कुंभारीण माशीचं असतं. तिलाही राहू द्या, ती पिल्लांसाठी अळ्या पकडून नेते, म्हणजे तुमच्या भाजीचं कामच करते. माश्या बाहेर पडून गेल्यावर रिकाम्या झालेल्या नळ्या मात्र दरवर्षी बदला. जुन्या नळ्यांत कोळीकिडे आणि बुरशी साठत जाते. मोठं, शोभिवंत, शेकडो नळ्यांचं माशीघर करण्यापेक्षा दोन-तीन लहान मोळ्या लांब-लांब ठेवा, म्हणजे रोगराई आणि परजीवी एका जागी जमत नाहीत.

*लाकूड.* भुंग्यासाठी शेवग्याची, पांगाऱ्याची किंवा आंब्याची मनगटाएवढी वाळकी फांदी कुंपणाला उभी बांधून ठेवा. बारक्यांसाठी गुलाब किंवा घाणेरी छाटल्यावर वीतभर काड्या तशाच उभ्या ठेवा, कापलेल्या टोकातला मऊ भेंड त्या कोरतात.

होळीच्या सुमाराला याच वाळक्या फांद्या आणि पोकळ बांबू गोळा केले जातात. होळीत घालण्यापूर्वी लाकडावर अंगठ्याच्या नखाएवढं, अगदी गोल भोक आणि खाली ताजा भुसा आहे का, ते बघा. असेल तर ते लाकूड बाजूला काढा. गुढीचा पोकळ बांबू वर्षभर गच्चीच्या कोपऱ्यात पडून असतो, त्यातही भुंग्याचं घर असू शकतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी धांदलीत कळण्यापेक्षा आठवडाभर आधी तपासा आणि तसं दिसलं तर गुढीला दुसरी काठी आणा.

चिखल आणि पाणी

फाल्गुनानंतर शहरात ओला चिखल दिसेनासा होतो आणि चिखलाने घर बांधणाऱ्या माशीचं काम अडतं. एका परडीत किंवा पसरट ताटलीत बागेची माती घेऊन ती रोज ओली ठेवा. शेजारी उथळ ताटलीत पाणी आणि त्यात बसायला दोन-चार खडे. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी रोज बदला.

फवारणीचं काय?

फुलं असलेल्या झाडावर काहीही फवारू नका, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ आहे. मावा पाण्याच्या धारेने जातो, पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने निघतो. निंबोळी अर्क वापरायचाच तर सूर्य मावळल्यावर आणि फुलं टाळून. नर्सरीत सर्रास मिळणारं इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही असतं. मुळातून किंवा पानातून झाडभर पसरतं आणि पराग-मकरंदातही उतरतं, त्यामुळे फवारणी आधी केली तरी फुलातून माशीला विषबाधा होऊ शकते. युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली ती याच कारणाने. रोप विकत घेताना त्यावर काय मारलंय, हे नर्सरीवाल्याला विचारा. सोसायटीत डासांसाठी धूर होणार असेल तर तो फुलझाडांपासून लांब आणि माश्या घरी गेल्यावर करायला सांगा.

नेहमीच्या तक्रारी

*स्विच बोर्डात चिखल भरला.* प्लगची भोकं, कुलूप, वापरात नसलेला नळ, या सगळ्या माशीच्या लेखी तयार नळ्याच. माघातच न वापरत्या प्लगवर मुलांसाठी मिळतात ती प्लास्टिकची झाकणं बसवा. आत चिखल गेलाच असेल तर टोकरू नका, मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून काढून घ्या. जवळच बांबूची मोळी लावली तर पुढच्या वेळी तिकडे जाण्याची शक्यता वाढते.

*भुंगा वासा कोरतोय.* भुंगा लाकूड खात नाही, वाळवीसारखं पोखरत नाही. पण तीच जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली तर बारीक लाकूड कमजोर होऊ शकतं. त्याला उन्हापावसाने विटलेलं, रंग न दिलेलं लाकूड आवडतं, म्हणून वाशांना रंग किंवा अळशीचं तेल द्या. जुनं भोक बुजवण्यापूर्वी त्यात कापसाचा सैल बोळा ठेवा. दोन-तीन दिवसांत बोळा बाहेर ढकलला गेला तर आत कोणी आहे, थांबा. तसाच राहिला तर लांबी भरून टाका.

*निळ्या ठिपक्यांची एक माशी घरट्यांभोवती घोटाळते, पण काही बांधत नाही.* ती परान्नपुष्ट. निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या घरात गुपचूप अंडं घालते आणि तिच्या पिल्लाचा वाटा आपल्या पिल्लाला मिळवून देते. तिला हाकलू नका. यजमान पुरेशा संख्येने असल्याशिवाय ही येत नाही, म्हणजे तुमची वसाहत नीट बसली आहे.

*सगळं केलं, कोणी आलं नाही.* पहिल्या हंगामात असं होऊ शकतं. मोळीची जागा बदलायचीच तर नळ्या रिकाम्या असतानाच बदला, एकदा बूच लागलं की दुसरीकडे हलवायची नाही. आधी फुलं तपासा. माघ ते वैशाख या काळात दर आठवड्याला काहीतरी फुललेलं आहे ना? मध्येच खंड पडत असेल तर तेवढ्यासाठी तुळस आणि सबजा वाढवा.

महिन्यांचा हिशेब

*माघ:* गुलाब छाटल्यावर काड्या ठेवा, नळ्यांच्या मोळ्या लावा, मातीचा ठोकळा करून वाळवा, प्लगवर झाकणं बसवा.

*फाल्गुन:* फुलोऱ्यातली छाटणी थांबवा, होळीचं लाकूड तपासा, चिखलाची ताटली सुरू करा.

*चैत्र-वैशाख:* मोळीवर दुपारची सावली आहे ना बघा, पाणी रोज बदला, एरंडेलाचा हात द्या. आता माश्यांचं काम सकाळी आणि उन्हं कलल्यावर चालतं, त्यामुळे झाडांना पाणी रात्री किंवा अगदी पहाटे घाला.

*ज्येष्ठ:* पहिल्या पावसाआधी छप्पर नीट करा. झड लागत असेल तर संध्याकाळी, माश्या आत असताना, मोळी अलगद भिंतीकडे सरकवा. तोंडाची दिशा तीच ठेवा.

*आश्विन-कार्तिक:* रिकाम्या नळ्या काढून नव्या भरा. दिवाळीच्या झाडलोटीत उघड्या मातीचा तुकडा वगळा आणि घरातल्या बाकीच्यांना व माळीबुवांना तसं सांगून ठेवा. बागेत माळीकाम दुसऱ्याच्या हातात असेल तर हे सांगणं सगळ्यात आधी करा, कारण स्वच्छतेच्या भरात एका दुपारी वर्षभराची वसाहत झाडूखाली जाते.